ठिपका हलत नव्हता

मी एस.एस.सी. झालो तेव्हा वडिलांनी मला पहिले घड्याळ घेऊन दिले. एच.एम.टी.चे ‘जनता’. रोज सकाळी किल्ली द्यावी लागे. मला वाटले, हे पास झाल्याचे बक्षीस. खुलासा पहिल्याच संध्याकाळी झाला. मित्रांबरोबर पार्ल्याच्या स्टेशनावर गप्पा छाटून मी साडेआठला घरी आलो, तर वडील गॅलरीत उभे. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “आता हाताला घड्याळ आहे ना?”

त्या घड्याळाने मला वेळ फारशी दाखवली नाही, पण वडील मात्र चोवीस तास दाखवले. पुढे मी स्वतः बाप झालो आणि मुलीला घड्याळ घेऊन देण्याची पाळी माझ्यावर आली, तेव्हा मला ही गोष्ट आठवायला हवी होती. ती आठवली नाही. बापांची स्मरणशक्ती या बाबतीत सोयीस्कर असते.

आमची ताई आता एकोणतीस वर्षांची आहे. पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी करते. सोमवार ते शुक्रवार शहाण्या माणसांसारखी जमिनीवर असते, आणि दिवाळी झाली, समुद्र निवळला, की शनिवार-रविवार गाठून मालवणला जाते आणि पाण्यात बुडी मारते. पाठीवर हवेचे नळकांडे, तोंडात नळी, अंगात रबरी पोशाख. याला स्कूबा म्हणतात. माझे आजोळ मालवणचेच. लहानपणी सिंधुदुर्ग किल्ल्यात जायच्या होडीत मला बसवायला दोन मामा लागत आणि उतरवायला तीन. त्या कुळात ही मुलगी कशी निपजली हे एक कोडेच आहे. आमच्या सौभाग्यवतींच्या मते हा माझ्या आईचा वारसा. माझ्या मते त्यांच्या माहेरचा.

पहिली दोन वर्षे मी काळजीवाचून काही केले नाही. मग तीन वर्षांपूर्वी तिच्या वाढदिवसाला मी दुकानात गेलो. पाणबुड्यांसाठी खास केलेले, मनगटावर बांधायचे घड्याळ. त्याला नुसते घड्याळ म्हणणे म्हणजे आगगाडीला बैलगाडी म्हणण्यासारखे आहे. दुकानातला तरुण मला सांगत होता, “काका, यात जीपीएस आहे, म्हणजे जागा कळते. हार्टरेट आहे, म्हणजे ठोके कळतात. शंभर मीटर पाण्यात चालते.” यातले एकही वाक्य खोटे नव्हते. पण मी त्या तिन्ही वाक्यांची माळ ओवली आणि मनाशी अर्थ लावला, की शंभर मीटर पाण्याखाली आपली मुलगी कुठे आहे आणि तिचे काळीज कसे चालले आहे, हे आता पार्ल्याला आरामखुर्चीत बसून कळणार. माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनला भारी पडेल अशी किंमत मी हसत मोजली. घरी येऊन त्याचे खातेही मीच माझ्या फोनवर उघडले, परवलीचा शब्द मीच ठरवला, आणि मग ते सुंदर कागदात बांधून तिला दिले.

तिला खरोखर आनंद झाला. तिने आपले जुने, धावण्याच्या वेळी वापरायचे घड्याळ मनगटावरून काढून माझ्या हाताला बांधले. म्हणाली, “बाबा, तुम्ही सकाळी फिरायला जाता ना, मग पावले मोजा.” त्याचे खाते तिने तिच्या फोनवर उघडले. या गोष्टीकडे मी तेव्हा अजिबात लक्ष दिले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला तिने मालवणच्या जेट्टीवरून मला एक लिंक पाठवली. मी ती दाबली आणि फोनवर नकाशा उघडला. किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला निळ्या समुद्रात एक ठिपका, आणि खाली आकडा, ८२. मी सौभाग्यवतींना हाक मारली, “अगं, ये लवकर, ताईचे काळीज बघ!” त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी दुरूनच विचारले, “बरे आहे ना?” मी म्हटले, “ब्याऐंशी.” त्या म्हणाल्या, “मग निवडू का मी मेथी?”

आकडा ८८ झाला, ९६ झाला. (ती त्या वेळी दहा-पंधरा किलोचे ओझे पाठीवर चढवीत होती, हे मला मागाहून कळले.) आणि मग आकडा गेला. त्याच्या जागी दोन आडव्या रेघा आल्या. ठिपका होता तिथेच होता.

पाच मिनिटे झाली. दहा झाली. रेघा हलेनात. पंधराव्या मिनिटाला ठिपका किंचित सरकला आणि मी खुर्चीतून उठलो. “ताई पूर्वेकडे चालली!” मी ओरडलो. ती पूर्वेकडून थोडी दक्षिणेला वळली, परत फिरली, थोडा वेळ थांबली. मी प्रत्येक हालचालीचा अर्थ लावत होतो. इथे तिला मासा दिसला असेल. इथे प्रवाळ असेल. सत्तेचाळीस मिनिटे मी त्या ठिपक्याच्या मागे समुद्रात हिंडत होतो. मग एकाएकी आकडा उगवला, १०४, आणि पाठोपाठ निरोप आला, “वर आले.”

संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी तिचा सबंध प्रवास तिलाच ऐकवला. पलीकडे आधी शांतता, आणि मग जे हसणे सुरू झाले ते थांबेचना. “बाबा, मी पाण्यात गेल्यावर घड्याळ गप्प झाले. ते बोलते फोनमार्फत, आणि फोन होता पिशवीत. पिशवी होडीत. होडी नांगरावर जरा इकडेतिकडे झाली असेल. तुम्ही सकाळभर माझ्या पिशवीकडे पाहत होता!”

त्यानंतर मी या विषयाचा अभ्यास केला. निवृत्त माणूस अपमान पचवण्यासाठी दुसरे काय करणार? आणि जे कळले ते मला आजही नवलाचे वाटते. आपली जागा सांगणारे ते उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. त्यांचे संदेश एवढे अंतर काटून येतात तेव्हा अगदी क्षीण झालेले असतात, तरी आपला फोन ते अचूक ऐकतो. पण समुद्राचे खारे पाणी मध्ये आले की वीतभर खोलीचा थरसुद्धा त्यांना पुरे होतो. वीस हजार किलोमीटर ओलांडून आलेला निरोप शेवटच्या वीतभरात बुडतो. म्हणून पाणबुड्याचे घड्याळ दोनच जागा नोंदवते. माणूस पाण्यात कुठे उतरला आणि कुठे वर आला. मधली सगळी वाट त्याला अंधारातच असते. रेडिओचा आवाज पाण्यात चालत नाही, ध्वनी मात्र हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. काही महागड्या घड्याळांत म्हणूनच ध्वनीचा उपयोग करून जवळच्या सोबत्याच्या नळकांड्यात किती हवा उरली आहे ते कळण्याची सोय केलेली असते. पण ती सोबत्यासाठी. पार्ल्यासाठी नव्हे.

ठोक्यांचे गणित तर आणखी नाजूक. घड्याळाच्या पोटाशी हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याला मनगटात रक्त वाढते आणि परत येणारा प्रकाश तेवढा घटतो, त्यावरून नाडी मोजायची. कल्पना सुरेख आहे. पण पाणी थंड असले की कातडीखालच्या बारीक शिरा आकसतात, पट्टा जरा सैल झाला की मध्ये पाणी शिरते, आणि घड्याळ रबरी पोशाखाच्या बाहीवर बांधले तर ते बाहीची नाडी बघत बसते. छातीला पट्टा बांधून घेतला तर तो हृदयाची विजेची स्पंदने थेट टिपतो व अधिक भरवशाचा असतो. मात्र असे काही पट्टेही पाण्याखाली आपली माहिती पोटात साठवून ठेवतात आणि वर आल्यावरच घड्याळाच्या हवाली करतात. पाण्याखाली सगळेच मुके.

“मग या घड्याळाचा उपयोग काय?” असे मी ताईला जरा घुश्शातच विचारले. ती म्हणाली, “बाबा, ते मला जिवंत वर आणते.”

ते खरे होते. खाली दर दहा मीटरला पाण्याचा दाब हवेच्या एका वातावरणाएवढा वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि मांसात मुरतो, आणि माणूस घाईने वर आला तर सोड्याची बाटली फोडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे आखडतात, कधी लकवा येतो, कधी जीव जातो. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने ब्रिटिश आरमारासाठी बोकडांना दाबाच्या कोठीत ठेवून प्रयोग केले, आणि किती खोल, किती वेळ राहिल्यावर कसे थांबत थांबत वर यावे याची कोष्टके १९०८ साली प्रसिद्ध केली. पुढे झुरिकच्या डॉ. ब्यूलमान यांनी शरीराचे सोळा कप्पे कल्पून ते गणित बारीक केले. ताईच्या मनगटावरचे यंत्र हे सोळा कप्प्यांचे गणित क्षणोक्षणी मांडत असते. खोली किती, किती मिनिटे उरली, वर येण्याचा वेग जास्त तर होत नाही ना. पाच मीटरवर आले की ते तीन मिनिटे थांबायला लावते. आमच्या वडिलांनंतर इतक्या ठामपणे थांबवणारे या घराण्यात दुसरे कोणी झाले नाही.

अभ्यासात आणखी एक गोष्ट सापडली. माणसाने श्वास रोखून चेहरा थंड पाण्यात बुडवला की हृदय आपोआप मंदावते. सीलसारख्या सागरी प्राण्यांत तर ते मिनिटाला दहा-बारा ठोक्यांवर उतरू शकते. हे वाचून मला राहवेना. मी मोरीत घमेलेभर पाणी घेतले, त्यात फ्रीजमधला बर्फ टाकला, ताईचे जुने घड्याळ बांधलेला हात कोरडा वर धरला आणि तोंड घातले. ७८ चे ६६ झाले. हे मी ओरडून सांगणार एवढ्यात सौभाग्यवती मोरीच्या दारात आल्या आणि नवऱ्याचे डोके घमेल्यात पाहून त्यांनी जी किंकाळी फोडली, तिने माझे ठोके १२० च्या पुढे गेले. हा दुसरा निष्कर्ष कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही. वाचकांनी, विशेषतः माझ्या वयाच्या वाचकांनी, हा प्रयोग करू नये. एकाएकी मंदावणारे हृदय सर्वांनाच मानवते असे नाही.

असे दोन हिवाळे गेले. मी लिंक उघडायचा, ठिपका म्हणजे पिशवी हे ठाऊक असूनही बघत बसायचा, आणि ‘वर आले’ हे दोन शब्द आले की अंघोळीला जायचा.

मग यंदाच्या फेब्रुवारीतला तो रविवार आला. तिने सांगितले होते, अकरापर्यंत निरोप येईल. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. साडेअकरा. आकड्याच्या जागी रेघा. ठिपका एव्हाना वेगाने सरकत होता, म्हणजे होडी नांगर उचलून कुठेतरी निघाली होती, आणि होडी कुणाला तरी शोधायलाच निघते एवढे मला आता कळत होते. सौभाग्यवती स्वयंपाकघरात होत्या. भांड्यांचा आवाज थांबला होता, पण त्या बाहेर आल्या नाहीत. मी आत गेलो नाही. आम्ही दोघेही एकमेकांना काही विचारत नव्हतो.

अकरा एक्कावन्नला निरोप आला. “वर आले. प्रवाह होता, जरा लांब निघालो. छान झाले.”

रात्री फोनवर तिने थोडे सांगितले. ती आणि तिची त्या दिवशीची सोबतीण वर आल्या तेव्हा होडी दिसत नव्हती, लाटा मोठ्या होत्या. घड्याळाला वर आल्याबरोबर उपग्रह सापडले आणि उतरलेली जागा सहाशे मीटर मागे असल्याचे त्याने दाखवले. पण प्रवाहाविरुद्ध पोहणे म्हणजे दमून मरणे. तिने जवळची नारिंगी रबरी नळी फुगवून उभी केली, शिट्टी वाजवली आणि दोघी एकमेकींना धरून तरंगत राहिल्या. तांडेलने किल्ल्याचा बुरूज आणि किनाऱ्यावरचे एक झाड नजरेने जुळवून प्रवाह कुठे नेईल याचा अंदाज बांधला आणि नळी हेरली. जवळ येऊन तो एवढेच बोलला, “खंय गेललंस गो बाय?” त्याच्या मनगटाला घड्याळच नव्हते.

हे ऐकून आम्ही हसलो. सौभाग्यवतींनी तांडेलला पुढच्या वेळी लाडू पाठवायचे ठरवले. आणि मग रात्री झोप येईना म्हणून मी ते केले, जे करायला नको होते. तिच्या घड्याळाचे खाते माझ्या फोनवर होते. मी त्या दिवसाची नोंद उघडली.

दोन रेषा होत्या. एक खोलीची, एक ठोक्यांची. तीस मिनिटांपर्यंत ठोके ८० ते ९० मध्ये, संथ. एकतिसाव्या मिनिटाला, अकरा मीटर खोल असताना, रेषा उभी चढून १५१ वर गेली होती. हिरवे दिवे पाण्यात चुकतात हे मला माहीत होते. पण खोलीची रेषा दाबावरून निघते, ती तशी चुकत नाही, आणि तीही त्याच मिनिटात अकरावरून आठवर उसळून पुन्हा अकरावर आली होती. तिथे काहीतरी झाले होते. ‘छान झाले’ यात ते नव्हते.

मी तरुण असताना शेजारच्या एका गृहस्थांना मुलीची पत्रे वाफेवर उघडून वाचताना पाहिले होते. त्यांच्याबद्दल मी काय काय बोललो होतो, तेही मला त्या रात्री आठवले.

तीन आठवडे मी गप्प राहिलो. मग ती घरी आली. जेवताना आमटी वाढून घेता घेता तिने सहज विचारले, “बाबा, त्या रविवारी साडेअकराला तुम्ही काय करत होता?”

“मी? काही नाही. का ग?”

“तुमचे ठोके १२१ होते.”

मी म्हटले, “जिना चढत असेन.”

“पावले शून्य आहेत, बाबा. दहा पन्नासपासून अकरा बावन्नपर्यंत तुम्ही एक पाऊल टाकलेले नाही.”

माझ्या हातातला घास तसाच राहिला. आणि मग माझ्या तोंडून निघून गेले, “आणि तू एकतिसाव्या मिनिटाला काय करत होतीस?”

आता तिचा घास थांबला. सौभाग्यवतींनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि आमटीचे पातेले खाली ठेवले.

मग ती बोलली. सोबतीण नवखी होती. प्रवाहाने ओढल्यावर तिचा धीर सुटला, तिने झडप घालून ताईच्या तोंडातली नळी ओढून काढली. तोंडात पाणी गेले. दोघी वर उसळल्या. अशा वेळी जीव सांगतो, श्वास धर आणि वर पळ. पण दहा मीटरवर भरलेला श्वास वर येईतो दुप्पट फुगतो आणि फुप्फुसे फाटतात. ताईने तोंडातून बुडबुडे सोडत सोडत आपली जादा नळी चाचपली, तोंडात घातली, श्वास घेतला, मग त्या बाईचा पट्टा धरून तिला आपल्यासमोर आणले, डोळ्यांत डोळे घालून धरून ठेवले. प्रवाहाने दोघींना पुन्हा खाली ओढले, आणि मग हळूहळू त्या वर निघाल्या. पाच मीटरवर तीन मिनिटे थांबल्यासुद्धा.

“थांबलीस?” मी विचारले.

“घड्याळ थांब म्हणत होते.”

सौभाग्यवती इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या, ताईच्या पानात भात वाढला, तिला नको असतानाही वर तूप घातले, आणि जाता जाता तिच्या डोक्यावर हात ठेवून क्षणभर उभ्या राहिल्या. पाणबुडी बंद कर असे म्हणायचे माझ्या जिभेवर आले होते. तीन आठवडे मी ते वाक्य घासून पुसून तयार ठेवले होते. पण ज्या मुलीने अकरा मीटर खाली त्या बाईला सोडले नाही, तिला ते कसे सांगावे हे मला सुचेना. मी एवढेच म्हटले, “नवख्या माणसाबरोबर जाण्याआधी त्याला नीट पारखत जा.” ती “हो बाबा” म्हणाली. असे आज्ञाधारक ‘हो बाबा’ मी पंधरा वर्षांत ऐकले नव्हते.

जेवणानंतर आम्ही दोघांनी फोन समोरासमोर ठेवले. तिच्या खात्याचा परवलीचा शब्द तिने बदलला, मी माझ्या खात्याचा. तिच्या मदतीनेच, कारण मला ते जमत नव्हते. त्यामुळे माझा नवा शब्द तिला ठाऊक आहे, हे मला ती पुण्याला गेल्यावर लक्षात आले.

पावसाळ्यात समुद्र बंद होता. आता पुन्हा निवळला आहे. परवा तिचा फोन आला, या रविवारी जाते आहे, लाडू पोचते करते. लिंक पाठवू का, म्हणून तिने विचारले. मी नको म्हटले. मग जरा थांबून म्हटले, “बरं, पाठव.”

सौभाग्यवतींनी त्या सकाळसाठी तीन किलो पावटे आणून ठेवले आहेत. म्हणतात, दोघे बसून सोलू.